काजळी कशाला फासलीस?

हे काय आणलंस? माथेरानच्या राणीचं इंजिन म्हणे! आयती बॉडी मागवलीस, त्याबद्दल मी चकार शब्द काढत नाही. पण थ्री-डी प्रिंटरमधून निघाली तशीच रंगवलीस? टाकीवरून बोट फिरव. लागतात ना पायऱ्या? पॉलिश पेपर मारायचा कंटाळा आला, मग रंगाचा जाड हात दिलास. तरी दिसतंय म्हटल्यावर वर काळी पावडर फासलीस. आणि तोंड वर करून मला सांगतोस, "सर, जुनं इंजिन दाखवायचंय."

कोणाला फसवतोस? काजळी धुराड्याजवळ धरते. सेफ्टी व्हॉल्व्हखाली क्षारांचे पांढरे ओघळ येतात. चाकांवर माथेरानची तांबडी धूळ बसते. तुझी काजळी नेमकी जिथे काम चुकलंय तिथेच कशी?

हिशेब तरी केलास? 610 मिलिमीटरचा गेज तू 16.5 च्या रुळावर आणलास, म्हणजे प्रमाण 1:37. तुझी 0.2 ची पायरी खऱ्या पत्र्यावर सात मिलिमीटरची होते. आणि हँडरेलला दीड मिलिमीटरची तार! म्हणजे 55 मिलिमीटरचा दांडा. ड्रायव्हरच्या मुठीत मावेल तो? अंबरनाथच्या कारखान्यात लेथवर असा जॉब आला, तर तू पास करशील? बघताक्षणी बाजूला टाकशील. मग घरी आल्यावर डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो का? हातात कसब नसतं, तर मी तोंड वाजवलंच नसतं.

माथेरानच्या घाटातली वळणं अशी अवघड, की 1907 साली लाइन सुरू झाली तेव्हाच्या इंजिनांत टोकाची चाकं पोकळ आसांवर बसवली होती. वळणावर ती आतल्या आसावर सरकायची. तू तिन्ही आस घट्ट आवळलेस, गाडी रूळ सोडते आणि शिव्या मोटारीला!

"सामान मिळत नाही." उल्हासनगरात राहून हे म्हणायला जीभ कशी रेटते? फाळणीनंतर होतं नव्हतं ते गमावून आलेल्यांनी याच छावणीत कारखाने उभे केले. तिथे तुला अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार मिळत नाही? पुण्यात भाऊसाहेब जोशींनी 1998 साली छोट्या रेल्वेचं अख्खं संग्रहालय उघडलं. तेव्हा कुठे होतं तुझं ऑनलाइन? आणि वेळेचं तर नावच काढू नकोस. दुसऱ्यांची इंजिनं मोबाइलवर तासन्‌तास बघायला तो बरा सापडतो.

नेरळला शेवटचा कधी गेलास? अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, की आलंच. खरं इंजिन तिथे उभं आहे आणि तू फोटो बघून रिव्हेट मारतोस!

आधी हा रंग उतरव. 400 चा पेपर, मग 800 चा, मग प्रायमरचा पातळ हात. बॉडी दिव्याखाली तिरपी धरून बघ. पायरी दिसली की पुन्हा घास. रविवारी टेप घेऊन नेरळ गाठ, हँडरेल मोज. पुढच्या खेपेला बॉडी नुसत्या प्रायमरवर आण. रंगाची डबी घरीच ठेव.