चार चमचे

सहा वर्षांखालच्या मुलाला शाळेत घातलंच पाहिजे, असं आपल्याकडचा कोणताही केंद्रीय कायदा सांगत नाही. २००९चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा या वयापुरता आहे. त्याआधीच्या वर्षांसाठी राज्यानं बालसंगोपनाचा आणि शिक्षणाचा प्रयत्न करावा, एवढंच घटनेचं ४५वं कलम म्हणतं. आईबापांवर सक्ती नाही. तरी मूल अडीच वर्षांचं झालं की घरात धावपळ सुरू होते. प्लेग्रुप, नर्सरी, ज्युनियर, सीनियर. एखाद्या जोडप्यानं पहिलीपर्यंत मुलाला घरीच ठेवायचं, आपणच शिकवायचं ठरवलं, तर पुढच्या मुंजीत किंवा लग्नात त्यांना हमखास गाठलं जातं. "अजून कुठंच नाही घातलं? मग लिहायला-बिहायला येतं का काही?"

माझी भाची आणि तिचा नवरा सध्या या प्रश्नाचे धनी आहेत. पुण्यात फ्लॅट, सोबत सासू-सासरे, आणि घरात चार वर्षांचा एक उद्योगी मुलगा. भाची घरूनच अर्धवेळ काम करते. तिनं वर्षापूर्वी सुरुवात केली ती सगळे करतात तशीच. फ्रिजवर आठवड्याचं वेळापत्रक लागलं. सोमवारी रंग, मंगळवारी आकार, बुधवारी अक्षरं. नेटवरून उतरवलेली तुटक रेघांची पानं प्रिंट करून फाइलमध्ये लावली. शाळा नको म्हणून घरी ठेवलेल्या मुलाची शाळा बैठकीच्या खोलीत भरायला लागली, आणि तिथंही तास संपायची वाट बघणारा विद्यार्थी होताच.

ही पानं नेमकी कोणासाठी असतात, हा मला पडलेला प्रश्न आहे. पान भरलं की आईला हायसं वाटतं. ते आजीला दाखवता येतं, फोटो काढून मामाला पाठवता येतं. गिरवलेलं पान म्हणजे मोठ्या माणसांच्या नावानं फाडलेली पावती. शाळांनाही ती द्यावीच लागते. फी घेतल्यावर पालकांच्या हातात काहीतरी ठेवायला नको का? म्हणून शुक्रवारी कापसाचा ससा घरी येतो. (कापूस बाईंनी चिकटवलेला असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं.) घरी शिकवणाऱ्यांना तर पावतीची निकड जास्तच, कारण ते वहिवाट सोडून चाललेले असतात आणि जाईल तिथं त्यांची झडती होते. २०२०च्या टाळेबंदीत याचा कळस झाला. तीन-चार वर्षांची मुलं मोबाइलसमोर बसवली गेली, आणि आया गृहपाठाचे फोटो ग्रुपवर टाकत राहिल्या. माझं म्हणणं एवढंच, की तीन ते सहा या वयातलं बहुतेक शिकणं अशी पावती देत नाही, आणि पावतीसाठी जे शिकवलं जातं ते बरेचदा भलतंच असतं.

अंकांचंच बघा. भाचीचा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना वीसपर्यंत तालात म्हणायचा, पाहुण्यांसमोर तर जास्तच. त्याला डब्यातून चार चमचे आण म्हटलं की मूठभर आणायचा. यात काळजीचं काहीच नव्हतं. कॅरेन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९०च्या सुमारास लहान मुलांसमोर वस्तूंचा ढीग ठेवून 'यातल्या इतक्या दे' असं सांगून पाहिलं होतं. दहापर्यंत सहज म्हणणारी मुलंसुद्धा चार मागितल्यावर ओंजळ भरून द्यायची. आधी मुलाला 'एक' म्हणजे किती ते कळतं, मग काही महिन्यांनी 'दोन', मग पुन्हा काही महिन्यांनी 'तीन'. आणि त्यानंतर मोजण्याचं गमक ध्यानात येतं, की शेवटी उच्चारलेला अंक म्हणजेच सगळ्या वस्तूंची संख्या. शंभरपर्यंत घोकून घेणं हे त्या मानानं सोपं काम आहे. पाढ्यांसारखी तीही एक चाल आहे, आणि चाल मुलं पटकन उचलतात.

भाचीच्या घरी हे गमक उलगडलं ते ताटाळ्यापाशी. रात्री पानं घ्यायचं काम हळूहळू मुलाकडे आलं. सुरुवातीला तो एक ताट काढायचा, आजोबांच्या जागेवर ठेवायचा, परत जाऊन आजीचं आणायचा. पाच माणसांच्या पाच खेपा, मधे वाट्यांची आदळआपट, आणि भूक लागलेली मंडळी बघत बसलेली. पुढे केव्हातरी तो ताटाळ्यासमोर उभा राहून पुटपुटायला लागला: आजोबा, आजी, आई, बाबा, मी. प्रत्येक नावाला एक ताट काढून छातीशी धरायचा. एकदा बाबा उशिरा येणार होते. त्यानं पाचवं ताट अर्धं बाहेर ओढलं, थांबला, आणि परत आत खोचलं. कुणी काही सांगितलं नव्हतं. वजाबाकी हीच, पण वहीत तिची नोंद नाही, आणि आजीनं पाहिलं नसतं तर ती झाल्याचं कुणाला कळलंही नसतं.

पानावरच्या पाच आंब्यांपुढे सहा लिहिलं तर आंबे काही बोलत नाहीत. ताट कमी पडलं तर आजोबा बोलतात. घरातल्या कामाची जादू म्हणा हवं तर, ती इथं आहे. त्या कामातून काहीतरी निष्पन्न होतं, ते खरंच कुणाला तरी हवं असतं. मुलाला खोटं काम लगेच ओळखू येतं. खेळण्यातली पोळी लाटायला देऊन बघा. थोड्या वेळानं तो आईच्या कणकेवर हात टाकणारच. त्याची वेडीवाकडी चानकी तव्यावर भाजून ताटात आली, की मग मात्र पुढच्या गोळ्यासाठी हट्ट.

लिहिण्याचंही असंच. मनगटातली आठ हाडं जन्मतः कूर्चेची असतात, आणि ती एकेक करून पुढच्या कितीतरी वर्षांत टणक होत जातात. तीन वर्षांच्या हाताला 'अ'ची वळणं काढायला लावणं म्हणजे काय, हे त्यावरून समजावं. दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावताना अंगठा आणि शेजारची दोन बोटं जी ताकद लावतात, तीच पुढे पेन्सिल धरायला लागते. मटार सोलणं, लसणीच्या पाकळ्या सुट्या करणं, शर्टाची बटणं, तांब्यातून पाणी न सांडता ओतणं. मारिया माँटेसोरींनी १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो वस्तीत कामकऱ्यांच्या मुलांसाठी पहिलं बालगृह उघडलं. आईबाप दिवसभर कामावर, आणि मुलं इमारतीत मोकाट फिरून भिंती खराब करतात, ही इमारतीच्या मालकांची तक्रार होती. तिथल्या मुलांनी खेळणी बाजूला सारून खरीखुरी कामं आणि हाताळायचं साहित्य पसंत केलं, असं बाईंनी लिहून ठेवलं आहे. आता त्याच बाईंच्या नावाचे लाकडी संच हजारो रुपयांना विकले जातात. कोणीही घ्यावं आणि पाटीवर लावावं असं ते नाव झालं आहे, त्यामुळे पाटी बघून आत काय चालतं याचा अंदाज बांधू नये.

मराठी मुलखात या विचारानं जे रूप घेतलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरींचं महागडं साहित्य गावात परवडणारं नव्हतं; त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. शिवाय मुलं बालवाडीत येईचनात. कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं होतं, कुणाला गुरं राखायची होती. मग ताराबाईंनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक रानात जायला लागले, ती कुरणशाळा. शाळा घराजवळ न्यायची ती घर जसं आहे तसं धरून, भावंडांसकट, गुरांसकट. आपण शहरात नेमकं उलटं करतो. घरातलं घरपण थोडा वेळ गुंडाळून ठेवतो आणि तिथं फळा लावतो.

आता खर्चाची गोष्ट. साहित्याला पैसे लागत नाहीत हे खरं, पण मेथीची जुडी एकटीनं निवडायला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट मुलासोबत लागतो, आणि निम्मी पानं काडीत जातात. हा वेळ कुठून तरी येतो. भाचीच्या घरी तो बराचसा सासूबाईंचा आहे. त्या गुडघ्याच्या दुखण्यासकट खाली बसून नातवाबरोबर शेंगा सोलतात. बाबा हौसेनं रविवारी मातीकाम घेतात, तेव्हा फोटो मात्र मातीकामाचे निघतात. घरी शिकवण्याचं कौतुक करणाऱ्या लेखांत या आजीचा उल्लेख नसतो. आणि ज्या घरात आजी नाही, आई सकाळी सातला चार घरच्या धुण्याभांड्यांसाठी बाहेर पडते, तिथं हा पर्यायच उपलब्ध नाही. तिच्या मुलासाठी अंगणवाडीच आहे. ताराबाईंचा शब्द उचलून २ ऑक्टोबर १९७५ला देशभर अंगणवाड्यांची योजना सुरू झाली, तेव्हा ती ३३ प्रकल्पांची होती; आज गावोगाव अंगणवाड्या आहेत. पण तिथल्या सेविकेलाही पावत्याच द्याव्या लागतात. वजन, उंची, हजेरी, आहारवाटप, सगळं मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरायचं, आणि तेही पगारावर नव्हे, मानधनावर. मुलांशी खडे मोजत बसायला तिला कुणी अडवलेलं नाही. तेवढी फुरसत मिळत नाही, इतकंच.

बोलण्याचा वेळही याच हिशेबात येतो. घरी असलेलं मूल दिवसभर विचारत असतं, आणि विचारायला लागणारी भाषा त्याच्याजवळ असते. इंग्रजी नर्सरीत पहिले काही महिने गप्प बसणारी मुलं मी पाहिली आहेत. घरी आल्यावर हीच मुलं तोंडाला कुलूप घालायला लावतात. परवा भाचीकडे दूध उतू गेलं. "वर का आलं?" आजीचं उत्तर तयार होतं, तुझ्या आईचं लक्ष नव्हतं म्हणून. ते उत्तर बिनचूकच होतं, पण भाचीनं पुढच्या वेळी मुद्दाम त्याला लांब स्टुलावर बसवून दाखवलं. तापलेल्या दुधावर साय धरते, खालची वाफ तिच्याखाली कोंडते, आणि सुटायला जागा मिळेना की सगळं घेऊनच वर येते. सायीवर पळी फिरवली की वाफेला वाट मिळते. आता तो खिचडीच्या कुकरपाशीही वाफेची चौकशी करतो.

घर कितीही चांगलं असलं तरी एक गोष्ट देऊ शकत नाही: दुसरी मुलं. आजोबा हरतात ते मुद्दाम हरतात. आई भांडताना मधेच समजूतदार होते. आपल्याएवढ्याच हटवादी माणसाशी झोका वाटून घ्यायचा असतो, तेव्हा काय करायचं हे घरात शिकताच येत नाही. पूर्वी वाड्यात नि चाळीत याची सोय आपोआप होती. मोठ्या मुलांच्या लपंडावात धाकट्याला लिंबूटिंबू म्हणून घेत. त्याच्यावर राज्य येत नसे, पण धावायची, लपायची, ओरडायची पूर्ण मुभा. नियम बघत बघत एक दिवस तो खराखुरा गडी व्हायचा. आजच्या सोसायटीत पाच वाजता आवार रिकामं असतं, कारण लिंबूटिंबूला खेळात घेणारी मोठी मुलं क्लासला गेलेली असतात. मला विचाराल तर घरी शिकवणाऱ्यांनी वेळापत्रकात रंग आणि आकार न लिहिता ही एकच गोष्ट लिहावी: आज दुसरी मुलं कुठं भेटणार.

भाचीनं शनिवारी सकाळी जवळच्या बागेत चार-पाच घरची मुलं जमवायला सुरुवात केली आहे. तिसरीतली एक मुलगी तिथली सर्वेसर्वा आहे. राज्य कुणावर, बाद कोण, पाणी प्यायची सुट्टी किती, सगळं तीच ठरवते, आणि तिच्यापुढे कुणाची आई बोलत नाही. मुलगा तिथून रांगेत थांबायला शिकला, रडीचा डाव कसा खेळतात तेही शिकला, आणि एक शिवीही उचलून आला. आजीचा त्या शिवीवर सक्त आक्षेप आहे. आजोबांच्या मते ती जेवताना दिली नाही म्हणजे झालं. पुढच्या शनिवारी बागेत न्यायचं की नाही, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.