नाताळाचा तारा व शोकाचें घर

(वचन : नहेम्या, अध्याय 8, वचनें 9 ते 17)



ह्या अध्यायांत जे लोक आपणांस भेटतात ते सुखवस्तु नव्हते. बाबेलच्या बंदिवासांतून परत आलेल्यांचे ते वंशज. आणि तीन अध्याय मागें जाऊन पाहिलें तर धान्यासाठीं व राजाच्या करासाठीं त्यांचीं शेतें गहाण पडलेलीं दिसतात. वाशीम, रिसोड, मानोरा ह्या भागांतील शेतकऱ्यास ही स्थिति समजावून सांगावयास नको. एज्रानें सकाळपासून दोन प्रहरपर्यंत नियमशास्त्र वाचिलें, आणि ऐकतां ऐकतां मंडळी रडूं लागली. तेव्हां त्यांस सांगण्यांत आलें कीं, आजचा दिवस पवित्र आहे, रडूं नका; घरीं जाऊन जेवा, आणि ज्यांच्या घरीं कांहीं तयार नाहीं त्यांस वाटे पाठवा. दुसऱ्या दिवशीं शास्त्रांत मंडपांच्या सणाची आज्ञा सांपडली. मग ते डोंगरांत गेले, जैतून, मेंदी व खजूर ह्यांच्या डाहळ्या आणिल्या, आणि कोणी धाब्यावर, कोणी अंगणांत आपापल्या हातांनीं मांडव घातले.

नाताळ जवळ आला म्हणजे उपदेशकबंधु आम्हांस विचारितात, आंब्याच्या पानांचें तोरण ख्रिस्ती दारास शोभतें काय? लेवीयाच्या 23 व्या अध्यायांत देवानें स्वतःच डाहळ्या घेऊन आनंद करा म्हटलें आहे. दृष्ट टळावी म्हणून कोणी पान बांधील तर त्यास रोखावें. स्तुतीसाठीं बांधील तर बांधूं द्यावें. ह्याहून अधिक चर्चा आम्हांस आवश्यक वाटत नाहीं.

तारा करणें कठीण नाहीं. कुडाच्या जुन्या तुराट्यांतून सारख्या लांबीच्या पांच सरळ तुराट्या निवडाव्या, व टोकें सुतळीनें बांधून पांच कोनांचा तारा करावा. तसाच दुसरा करून दोन्ही एकावर एक ठेवावे, टोकें एकत्र बांधावीं, आणि आंतल्या पांच सांध्यांत बोटभर काड्या आडव्या खोंवाव्या, म्हणजे ताऱ्यास पोट येतें. वर पतंगी कागद खळीनें चिकटवावा. खळ पातळ असावी. आंत पणती मात्र ठेवूं नये, विशेषतः छप्पर गवताचें असल्यास. वेचणी झालेली पऱ्हाटी गाडग्यांत मातीनें उभी केली कीं झाडही झालें. विलायती चित्रांतील बर्फ पाहून कांहीं जण त्यावर कापूस पसरितात व त्यास बर्फ म्हणतात. आमच्या मतें कापसास कापूसच म्हणावें. तो आपल्या शेतांत पिकला आहे.

बाजारचा तारा उधारीनें आणूं नये. पुष्कळ टोकांचा जो कागदी तारा आज दुकानांत दिसतो, त्याचा आरंभही दुकानांत झाला नाहीं. 1830 नंतरच्या दशकांत जर्मनींतील नीस्की येथें मोरेव्हियन मंडळीच्या शाळेंत भूमिती शिकवितांना मुलांकडून तसा तारा करून घेत असत.

आतां आमची चूक सांगतों. रिसोड तालुक्यांतील एका वाडींत मागील वर्षीं कार्तिकांत एक बंधु बायको, दोन लेंकरें व सोसायटीचें कर्ज मागें ठेवून वारला. ज्या घरचें माणूस गेलें त्या घरीं वर्षभर सण करूं नये, असा गांवचा रिवाज. त्याच्या मुलीनें दारावर तारा लाविला आहे असें कळतांच आम्हीं उपदेशकाकडून निरोप पाठविला कीं, यंदा त्या दारीं तारा नको. आम्हांस लोकांच्या जिभेचें भय वाटलें, दुसरें कांहीं नाहीं. आणि त्या भयास आम्हीं दुःखाचा आदर असें नांव दिलें.

नाताळच्या सकाळीं प्रार्थनेसाठीं त्या घरीं गेलों. दार कोरें होतें. तें कोरें पाहून रात्रीं गाणारी मंडळी न थांबतां पुढें गेली होती, आणि येथें सण नाहीं असें समजून कोणी करंजीही पाठविली नव्हती. आंत कणगीवर आढ्यास वहीच्या कागदाचा एक वांकडा तारा टांगलेला होता. मुलीची आई खालीं पाहून म्हणाली, “पाद्रीसाहेब, तुमी बाहीर लावू नोका म्हनलं, म्हून पोरीनं आत लावला.”

आम्हीं वाचावयास मत्तयाचा दुसरा अध्याय काढिला होता. ज्या अध्यायांत तारा आहे त्याच अध्यायांत बेथलेहेमच्या आयांचें रडणें आहे. इतकीं वर्षें वाचीत असतां हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. मागी लोक ज्या घरीं पोंचले, त्या घरासही लागलीच रातोरात मिसर देशास पळावें लागलें. रडणाऱ्या लोकांस देवानें मांडव घालावयास लाविलें, आणि आम्हीं रडणाऱ्या लेंकराचा तारा दारावरून काढविला.

आम्हीं मुलीची क्षमा मागितली. ती कांहीं बोलली नाहीं, पण स्टूल आणिलें, आणि तारा उतरून दारावर लाविला. दोन प्रहरीं उपदेशकाच्या घरून वाटा आला. मागाहून शेजारच्या मराठा आजीबाईनेंही शेवया पाठविल्या. कोणीं नांवें ठेविलीं असल्यास आमच्या कानीं आलीं नाहींत.

यंदा नाताळापूर्वींच्या शनिवारीं त्या वाडींतील मुलांस तारे करावयास बसवूं. तुराट्या उपदेशक आणील, कागद व खळ आमच्याकडे. शिकविणार ती मुलगी.