डावखुरा पोरगा
अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधल्या एका दारूगुत्तेवाल्याचा हा मुलगा. शाळा बुडवणारा, दिवसभर रस्त्यावर हुंदडणारा. आईबापांना आवरेना, तेव्हा १९०२ साली, सातव्या वर्षी, त्यांनी त्याला सेंट मेरीज या सुधारगृहवजा शाळेत घातलं. भेटायला घरचं फारसं कुणी फिरकत नसे. तिथं तो शर्ट शिवायला शिकला, आणि तिथल्या धिप्पाड धर्मबंधू ब्रदर मथायसचे उंच टोले पाहत बेसबॉलही. पोरगा डावखुरा, ग्लोव्ह मात्र उजव्यांचे, डाव्या हातात घालायचे! डाव्या हातानं चेंडू झेलायचा, ग्लोव्ह भिरकावायचा अन् त्याच हातानं चेंडू फेकायचा. काय ती तारांबळ! १९१४ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्स संघानं त्याला करारावर घेतलं. तोच बेब रूथ. पुढं त्याच्या नावावर ७१४ होमरन लागले.