ज्यांचं नाव विचारलं नाही

मागच्या लग्नसराईत जालन्यात एका परण्यात होतो. नवरदेव मारुतीला निघालेला, पुढे बँड. डीजेची गाडी यायची होती. तेवढ्यात ट्रम्पेटवाल्या काकांनी 'जान पहचान हो'ची चाल उचलली आणि मी जागेवरच थांबलो.

१९६५च्या 'गुमनाम'मधलं हे गाणं. दिग्दर्शक राजा नवाथे, संगीत शंकर-जयकिशन, आवाज रफींचा. पडद्यावर मुखवटे घातलेले नर्तक, बेभान नाचणारी लक्ष्मी छाया, आणि ड्रमवर बँडचं नाव : टेड लायन्स अँड हिज कब्ज. २००१ साली 'घोस्ट वर्ल्ड' हा अमेरिकन चित्रपट याच गाण्याने सुरू झाला आणि जगभरच्या जुन्या रॉकच्या वेड्यांना ते सापडलं.

मीही त्यांतलाच. साठच्या दशकातलं गॅरेज रॉक माझं व्यसन आहे. अमेरिकेत गावोगावची पोरं गाडीच्या गॅरेजमध्ये स्वस्तातली गिटार बडवायची, एखाददुसरी रेकॉर्ड काढायची आणि नाहीशी व्हायची. १९७२ साली लेनी के याने त्यांतली काही गाणी 'नगेट्स' या संग्रहात गोळा केली. आपल्याकडेही सिगारेटच्या ब्रँडच्या नावाने 'सिमला बीट' स्पर्धा व्हायची. तिच्या १९७० आणि १९७१च्या रेकॉर्ड आज संग्राहक शोधत फिरतात.

तर मी काकांचा व्हिडिओ काढला आणि 'दुर्मिळ!' असं लिहून टाकला. खाली चित्रपट, साल, संगीतकार, सगळं व्यवस्थित दिलं. लोक खूश झाले. एकाने विचारलं, "वाजवणारे काका कोण?"

मला माहीत नव्हतं. साठ वर्षांपूर्वीची सगळी माहिती तोंडपाठ होती. दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसाला नाव विचारायचं मात्र सुचलं नव्हतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. जे कुणालाच माहीत नाही ते मला आवडतं, तेव्हा मला नक्की काय आवडत असतं? गाणं, की ते फक्त मला माहीत असणं? दुसरं असेल, तर त्या कलाकाराचं विसरलं जाणं माझ्या फायद्याचं आहे. उद्या तो सगळ्यांना माहीत झाला तर माझी ऐट संपली. कुणाची तरी उपेक्षा मी दागिन्यासारखी मिरवतोय.

यावर एक उत्तर तयार असतं : कलेला नाव कशाला लागतं? जात्यावरच्या ओव्या कुणी रचल्या, कुठे माहीत आहे? पण ओवीत कुणाचंच नाव नव्हतं. ती सगळ्या बायांची होती. रेकॉर्डचं तसं नाही. तिच्यावर गायक-संगीतकाराचं नाव छापलं जायचं, वाद्यवृंदातल्या वादकांचं सहसा नसायचं. त्यांतले कितीतरी जण गोव्याचे. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले असल्यामुळे मुंबईच्या स्टुडिओंना ते हवेच असायचे. शंकर-जयकिशन यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसूझाही गोव्याचेच. 'अँथनी गोन्साल्विस' हे नाव १९७७च्या एका गाण्यामुळे सगळ्या देशाच्या तोंडी आहे. पण ते प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणाऱ्या खऱ्या माणसाचं नाव आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? नाव कुणाचंच नसणं वेगळं आणि काहींचंच गाळलं जाणं वेगळं. पहिली परंपरा आहे, दुसरा अन्याय.

मग ऐकणाऱ्याने काय करायचं? गाणं थांबवून श्रेयनामावली पाठ करावी, असं मी म्हणत नाही. पण प्रेम खरं असेल तर ते चालीवरून माणसापर्यंत जातंच. 'हे काय आहे?' यानंतर 'हे कोण वाजवतंय?' हा प्रश्न येतोच. तो येत नसेल तर आपण फक्त वस्तू गोळा करतोय.

चार दिवसांनी बँडच्या मालकांकडे गेलो. ते म्हणाले, "त्या तारखेला दोन सुपाऱ्या होत्या. माणूस कमी पडला म्हणून बाहेरून बोलावला होता. कुण्या गावचा, आता ध्यानात नाही."

व्हिडिओ अजून आहे. 'दुर्मिळ' हा शब्द काढला. त्या जागी लिहिलंय : वाजवणाऱ्या काकांचं नाव मी विचारलं नाही. कुणी ओळखत असेल तर कळवा.

अजून कुणी कळवलेलं नाही.