न्याय आणि क्षमा

न्याय आणि क्षमा ही तराजूची दोन पारडी, एक खाली गेले की दुसरे वर जाणारच, अशी आपली समजूत असते. म्हणून बांधाच्या वादात क्षमा करणारा आपल्याला दुबळा वाटतो आणि न्याय मागणारा निष्ठुर.

१३ मे १९८१ रोजी संत पेत्राच्या चौकात मेहमत अली आग्जा याने पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी रुग्णशय्येवरून पोपमहोदयांनी त्याला जाहीर क्षमा केली. तरीही जुलैमध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. २७ डिसेंबर १९८३ रोजी पोपमहोदय रेबिबियाच्या तुरुंगात जाऊन त्याला भेटले. पण तो तुरुंगातच राहिला. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली ती २००० साली.

क्षमेने शिक्षा रोखली नाही, शिक्षेने क्षमा अडवली नाही. अर्धा न्याय आणि अर्धी क्षमा यांना आम्ही समतोल म्हणणार नाही. दोन्ही आपापल्या जागी पूर्ण हवीत. न्याय कृत्याचा हिशेब मागतो, क्षमा माणसाला पुन्हा आपला म्हणते. तेव्हा भावाविरुद्धचा दावा कोर्टात चालू असला, तरी त्याच्या घरच्या दुःखात त्याच्या दारी जाणे आपल्याला चुकवता येणार नाही.