दुसरं शील आणि एक खुर्ची

एका कॉफीवर किती वेळ बसावं? गोवंडी स्टेशनजवळच्या ज्या दुकानात मी लॅपटॉप घेऊन बसते, तिथे हे कुणी विचारत नाही. मला मात्र हा थेट पंचशीलाचा प्रश्न वाटतो.

बैंगनवाडीत आमची खोली दहा बाय पंधराची. 'वर्क फ्रॉम होम' आलं तेव्हा वर्क वाढलं, होम तेवढंच राहिलं. सासूबाईंची मालिका, लेकीचे पाढे, शेजारच्या जरीवाल्यांच्या गप्पा. त्यात विम्याचे क्लेम तपासायचे कसे? दुकानात चार टेबलं आणि एकच प्लग. 'टिस'मध्ये शिकणारी मुलं सबमिशन लिहीत बसतात. दुकानाचे मालक चाचा रिकामा कप नेतात, पण बिल पुढे सरकवत नाहीत.

दुसरं शील सांगतं, जे दिलेलं नाही ते घेऊ नये. बुद्धघोषांच्या अट्ठकथांनुसार हे शील मोडायला पाच गोष्टी लागतात: वस्तू दुसऱ्याची असणं, ते आपल्याला ठाऊक असणं, चोरायचा हेतू, त्यासाठी केलेला प्रयत्न आणि प्रत्यक्ष घेणं. या हिशेबाने मी निर्दोष. हेतू वाईट नाही, खुर्चीही जागची हलत नाही. पण दुपारी एकच्या गर्दीत दोन रिक्षावाले दारातून डोकावतात, जागा नाही बघून निघून जातात, तेव्हा हा हिशेब अपुरा पडतो. चाचांनी मला बसायला दिलं होतं. त्यांचं गिऱ्हाईक परत पाठवायला नव्हे.

"पैसे दिलेत ना?" असं नवरा म्हणतो. दिलेत. पण पैसे दिले की खुर्ची आपली, हे मला पटत नाही, कारण पैसे माझ्या आजोबांकडेही होते. गावच्या हॉटेलात त्यांना चहा मिळायचा तो बाहेर, वेगळ्या कपात, आणि तो कप त्यांनीच विसळून ठेवायचा. चहाचा दर मात्र सगळ्यांना एकच.

२० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले ते तहान भागवायला नव्हे, हक्क बजावायला. १९५०मध्ये लागू झालेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तळी यांच्या वापरातला भेदभाव बंद केला. आज मी आत बसते ती त्या हक्काने; चाचांच्या मेहेरबानीने नाही.

रिक्षावाल्यांना कुणी जात विचारून परतवलं नाही, हे मला कळतं. ते पुढच्या टपरीवर चहा घेतील. आजोबांचं दुःख त्यांच्या गळ्यात घालण्याचं कारण नाही. पण कायद्याने दार उघडलं, तरी आत गेल्यावर किती पसरायचं हे कायदा सांगत नाही, आणि सांगूही नये. तिथून पुढे शीलाचं काम. शील पाळायला आधी कुणावर अन्याय व्हावा लागत नाही. आपल्यामुळे कोण उभं आहे, एवढं दिसावं लागतं.

म्हणून गर्दी झाली की मी लॅपटॉप मिटते. चाचा म्हणतात, "अरे, बैठो ना, ताई." ते मनापासून म्हणतात, म्हणूनच मी उठते. त्यांनी उठवल्यावर उठले असते, तर त्यात माझं शील काय राहिलं असतं?