कोणाचे रक्त शुद्ध करावे?



विषारी दारू पिऊन कोणी इस्पितळात दाखल झाला, की आपल्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘स्वतःच्या कर्माने गेला, त्याला कोण काय करणार?’ आपण दर रविवारी मिस्साला येणारी माणसे, तरीही हे शब्द आपल्या तोंडून सहज निघतात.

जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशा दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. दारूत मिथेनॉल होते. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते. ते दृष्टी हिरावून घेते आणि एकेक अवयव निकामी करते. अशा वेळी उताऱ्याच्या औषधाबरोबर डायलिसिसचा मोठा आधार असतो. रुग्णाचे रक्त यंत्रात नेले जाते, अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून विष पलीकडच्या द्रावणात उतरते आणि शुद्ध झालेले रक्त शरीरात परत येते. मात्र हे वेळेवर व्हावे लागते.

यंत्रे मोजकी आणि रुग्ण अनेक असतील, तर स्वतःच्या चुकीने आलेल्याला मागे ठेवावे काय? निवड करण्याची वेळ डॉक्टरांवर येतेच. पण गरज कोणाला अधिक आहे आणि कोण वाचू शकेल, हे पाहून ती करायची असते. कोण चांगला आणि कोण वाईट, हे पाहून नव्हे.

हे यंत्र घडवणारे डॉ. विलेम कोल्फ यांचे उदाहरण घ्या. जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये, कांपेन गावी, १९४३ साली त्यांनी लाकडी पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून रक्तशुद्धीचे यंत्र चालवले. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये सतरावी रुग्ण आली, ६७ वर्षांची, बेशुद्ध. नात्झींची बाजू घेतली म्हणून ती कैदेत होती आणि देशबांधवांच्या रोषाची धनी झाली होती. कोल्फ यांनी तिचे रक्त शुद्ध केले. ती शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षे जगली. या यंत्राने वाचलेला पहिला जीव म्हणून तिचीच नोंद झाली!

चांगल्या शोमरोन्यानेही जखमी माणसाला ‘अशा वाटेने एकटा का आलास?’ असे विचारले नाही. आधी जखमा बांधल्या.

आपल्या टोमण्यांच्या भीतीने एखादे कुटुंब ‘काय प्यायला’ हे डॉक्टरांपासून लपवते. मिथेनॉलचा परिणाम मुळात काही तासांनी दिसतो, त्यात लपवालपवीत आणखी वेळ जातो. त्या वेळेचा हिशेब आपल्यालाही द्यावा लागेल. पश्चात्तापासाठी माणूस आधी जिवंत राहायला हवा. म्हणून शेजारी असा प्रसंग आला, तर न्यायनिवाडा बाजूला ठेवून प्रथम गाडी काढू या.